येस, प्लीज

प्लीज हा शब्द मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून समजूतदारपणाची अपेक्षा ठेवणार नाही. माझी नात तो शब्द दिवसातून किती वेळा म्हणते याला गणती नाही, आणि तिच्या तोंडात तो गोड लागतो हेही मला दिसतं. बँकेच्या फोनवर एक बाई तोच शब्द म्हणून मला ताटकळत ठेवते. शब्दाचा काही दोष नाही, हे मला कळतं. पण कळून राग जात नाही. राग त्या शब्दावर नसून तो ज्या घरात मी शिकले त्या घरावर आहे, असं माझे यजमान म्हणायचे. मी त्यांना सांगायचे की घर आणि शब्द मला एकाच ताटात वाढले गेले, आता मी ते वेगळे कसे करू?

ते घर औरंगपुऱ्यात होतं. शहराचं नाव आता बदललं, गल्लीतली दुकानं बदलली, पण सकाळी शटर वर जाण्याचा तो खडखडाट अजून तसाच आहे. मी पाचोडहून तिथं बारावीसाठी गेले. गावाकडं मुलींना दहावीच्या पुढं वाट नव्हती. अकरावी मी कशीबशी रोज एसटीनं जाऊन-येऊन केली आणि निम्मं वर्ष गाडीची वाट बघण्यात घालवलं. तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कमलमावशीकडं शब्द टाकला. कमलमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिचे यजमान, आम्ही त्यांना काका म्हणायचो, घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजी बोलायला शिकवण्याचा वर्ग चालवायचे. अण्णांनी शेतातली ज्वारी आणि तूरडाळ त्या घरी पोचवायची आणि मी तिथं राहून शिकायचं, असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, अण्णा जाताना दारात म्हणाले, 'पोरीचं बघा,' आणि काका 'हं' म्हणाले. आमच्याकडं एवढ्यावर लग्नं ठरायची.

काका मूळचे पाचोडच्या शेजारच्याच खेड्यातले. हे ध्यानात ठेवायला पाहिजे, कारण ते स्वतः विसरल्यासारखं दाखवायचे. 'इथं', 'तिथं' त्यांनी तोंडातून पार घासून काढलं होतं. ते 'इथे', 'तिथे' म्हणायचे आणि दुसऱ्या कुणी 'लई' म्हटलं की त्यांच्या भुवया वर जायच्या. वर्गात सगळे खेड्यांतून आलेले. कुणी कारखान्यात लागायला बघत होतं, कुणी मुलाखतीला जाऊन घाम पुसत परत आलेलं. त्यांच्यात एकच मुलगी होती, शहनाज. तिच्या वडिलांचं लासूर स्टेशनला कापडाचं दुकान होतं. शहरात दुसरं दुकान टाकल्यावर ते सगळे मागच्या गल्लीत राहायला आले होते. काका फळ्यावर रोज एक शब्द लिहायचे आणि तासभर त्याच्याभोवती फिरायचे. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसायचे, तिथं सगळं ऐकू यायचं. तीस जणांनी एका सुरात म्हटलेला तो शब्द, बाहेर रिक्षांचे भोंगे, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. त्या घराचा आवाज म्हटलं की मला अजून हेच तिन्ही एकदम ऐकू येतात.

प्लीजवर काकांचा विशेष जीव होता. त्या एका शब्दाला त्यांनी आठवडा दिला. ते म्हणायचे, 'प्लीज म्हणजे कृपया नव्हे. कृपया पाटीवर लिहितात, तोंडानं कुणी म्हणत नाही. प्लीज म्हणजे, वस्तू तुमच्या हातात आहे आणि मला ते मान्य आहे.' मग ते वापर समजावून सांगायचे. साहेबाला म्हणताना शब्द वाक्याच्या शेवटी ठेवायचा आणि थांबायचं. कारकुनाला म्हणताना सुरुवातीलाच ठेवायचा, कारण तो शेवटपर्यंत ऐकत नाही. हसायचं, पण दात दिसता कामा नयेत. लांबवून म्हणायचा नाही, लांबवला की लाचारी दिसते. एकापाठोपाठ दोनदा म्हणायचा नाही, ती भीक होते. आणि मागणाऱ्यानं म्हणायचा, देणाऱ्यानं कधीही नाही. पोरं हे सगळं मनापासून ऐकायची आणि त्यातल्या काहींचं त्यानं भलंही झालं, ते मी नाकारत नाही. एकाला कुठल्याशा कचेरीत खिडकीवरच्या माणसानं पहिल्यांदा वर मान करून बघितलं, म्हणून तो पेढे घेऊन आला होता. काकांनी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकून सांगितलं, 'पेढे देताना प्लीज म्हणायचं नसतं, पण घेताना मी थँक्यू म्हणतो, बघ.'

एवढं वर्गात राहिलं असतं तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण काकांनी तो शब्द घरात आणला. त्या घरात जेवायला टेबल होतं, मी पाहिलेलं पहिलं. मधोमध भाकरीची टोपली, वरणाचं पातेलं, भाजी, शेंगदाण्याची चटणी. ज्याला जे लागेल ते त्यानं मागायचं, आणि मागताना शब्द लावायचा, हा नियम. गावाकडं आमची आई चुलीपुढं बसायची आणि आम्ही तिच्यासमोर. एक भाकरी संपत आली की दुसरी ताटात पडायची. आपण ताटावर हात आडवा धरून 'नको, नको' म्हणायचं, तिनं हातावरच भाकरी ठेवायची, मग आपण पुटपुटत ती खायची. पाहुणा असला तर हेच तीनदा. पहिल्या नकोला कुणी नको समजत नसे. पहिला नको म्हणजे नमस्कार झाला. पहिल्यांदाच 'हो, वाढा' म्हणणारं माणूस आमच्याकडं हावरट म्हणून ओळखलं गेलं असतं, आणि पोरगी असेल तर तिच्या आईचं नाव निघालं असतं.

तर पहिल्याच रात्री मावशीनं टोपली पुढं करून विचारलं, 'इंदू, भाकरी?' आणि मी, आईनं घातलेल्या वळणाप्रमाणं, 'नको' म्हणाले. मावशीनं टोपली उचलली आणि आत नेऊन ठेवली. मी ताटाकडं बघत बसले. मला वाटलं, गरम भाकरी आणायला गेली असेल. ती हात धुऊन आली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी नको जरा हळू म्हणून पाहिलं, तरी टोपली गेलीच. मागून घ्यायला जीभ रेटेना आणि पोटात कावळे ओरडत. माझी झोपायची जागा आतल्या खोलीत, तिथंच ज्वारीचं पोतं भिंतीला टेकवून ठेवलेलं. त्याच्या तोंडाला अण्णांनी बांधलेली सुतळीची गाठ होती. आमच्याच रानातल्या ज्वारीला टेकून मी उपाशी झोपत होते, हे आज लिहितानासुद्धा माझे कान तापतात. काका एकदा टेबलावर म्हणाले, 'लागत असेल तर मागावं. इथे कोणी तुझ्या तोंडात घालणार नाही.' त्यांच्या आईच्या हातचं मी खाल्लेलं आहे. ती म्हातारी ताटावर हात धरणाऱ्याच्या बोटांवर पळी मारायची. काकांना नको कळत नव्हतं असं कुणी मला सांगू नये.

आणि मावशी? काकांपेक्षा मला तिचा जास्त राग होता. काका निदान परके. ती माझ्या आईची बहीण, एका चुलीवर वाढलेली. एकदा दुपारी ते घरात नसताना मी तिला सरळ विचारलं, 'मावशी, तुला म्हाईत नाय का आपल्याकडचं?' ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, 'म्हाईत हाय. मी बी पहिलं साल असंच काढलं. मग शिकले. तू बी शिकशील.' तिच्या आवाजात दया नव्हती, उलट थोडं समाधानच होतं, असं मला वाटलं. माझ्या वाटणीचं मी भोगलं, आता तुझी पाळी, असं. सासुरवास केलेल्या बायका पुढं सासवा होतात तसं काहीतरी. मी तिला आजतागायत माफ केलेलं नाही, आणि ती गेल्यावर लोकांनी तिच्या सहनशीलतेचं कौतुक केलं तेव्हा मी मूग गिळून बसले होते.

मला त्या दिवसांत कुणी जेवू घातलं असेल तर शहनाजच्या आईनं. वर्ग सुटल्यावर शहनाज मला मागच्या गल्लीत तिच्या घरी घेऊन जायची. तिची आई चटईवर दस्तरखान पसरायची, खिचडी आणि वर आंबट कट वाढायची. मी वळणाप्रमाणं म्हणायचे, 'नको.' ती म्हणायची, 'नक्को क्या नक्को, खा चुपचाप. सूरत देख कैसी उतर गई.' आणि ताटात डाव उपडा करायची. शहनाज हसून मला सांगायची, 'हमारे में भी तीन बार नक्को बोले बगैर कोई नै खाता. तेरे काका को क्या हुआ?' त्यांच्या घरी माझा नको जसाच्या तसा चालायचा, जराही न झिजता. पण रोज उठून दुसऱ्याच्या घरी जेवायला कसं जायचं? आठवड्यातून एखाद्या वेळी जायचे, आणि त्या दिवशी दोन दिवसांचं खाऊन घ्यायचे.

दिवाळीनंतर काकांनी नवीनच काढलं. वर्गाला गर्दी वाढली होती, त्यांना आतल्या खोलीत दुसरी तुकडी बसवायची होती, आणि त्या खोलीत मी. 'जागेचा प्रश्न आहे. तुझ्या वडिलांना येऊन बोलायला सांग,' ते म्हणाले.  परीक्षा तोंडावर आली होती. परत पाचोडला जाणं म्हणजे काय, ते मला पक्कं माहीत होतं. आईच्या माहेरकडून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा शेती बघायचा आणि घरच्यांना मुलगी घाईनं हवी होती. अण्णांनी, 'पोरीची बारावी होऊ द्या,' एवढं सांगून त्यांना थोपवलं होतं. मी ट्रंक घेऊन घरी आलेली दिसले असते तर तेवढंही सांगायला त्यांच्याजवळ तोंड उरलं नसतं.

अण्णा आले ते रविवारी, भर वर्गात. खांद्यावर पोतं, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं, डोक्याला पांढरा रुमाल, धोतरावर एसटीची धूळ. आमचे अण्णा गावात चार माणसांत बसणारे होते. भांडण मिटवायला लोक त्यांना घरून बोलावून न्यायचे. दारात उभे राहिले तर काकांनी शिकवणं थांबवलं नाही, फक्त हातानं मागच्या बाकड्याकडं खूण केली. अण्णांनी पोतं भिंतीशी ठेवलं आणि पोरांच्या शेजारी बसले. मी आतल्या दाराशी आले. मावशी माझ्यामागं, पिठाच्या हातांनी.

त्या दिवशीचा पाठ होता येस प्लीज आणि नो थँक्यू. काका एकेकापुढं रिकामा कप धरून चहा विचारत होते. पोरगं 'येस, प्लीज' म्हणालं की ते कपात खोटा चहा ओतायचे आणि सगळ्यांनी टाळी वाजवायची, ही वर्गाची पद्धत. तसं करत करत ते मागच्या बाकड्यापर्यंत आले आणि तिथं थांबले.

'साडूसाहेब, तुम्ही इंदूच्या राहण्याचं बोलायला आलात ना? आत्ताच बोलून टाकू. परीक्षेपर्यंत ठेवू का तिला इथे?'

अण्णा घाईनं उठून उभे राहिले. चेहऱ्यावर हसू. 'नको, नको,' ते म्हणाले. 'तुमाला कशाला तरास? जागंची आडचण हाय तुमची. नेतो की मी तिला.'

हे बोलणं आमच्याकडचं प्रत्येक माणूस ओळखतं. हे होकाराच्या आधीचं बोलणं. याच्यावर समोरच्यानं म्हणायचं असतं, 'असं कसं म्हणता, पोरगी काय तुमची एकट्याची हाय?' मग पाहुण्यानं आणखी एकदा आढेवेढे घ्यायचे आणि मग चहा यायचा. त्या खोलीतली सगळी पोरं खेड्यातली होती. सगळ्यांना पुढचं वाक्य पाठ होतं.

'ठीक आहे,' काका म्हणाले. 'मग आजच घेऊन जा. इंदू, सामान आवर.'

एक पोरगं हसलं आणि लगेच गप्प झालं. अण्णांना वाटलं साडू थट्टा करतायत. ते हसतच राहिले, आणि काका हसत नाहीत हे दिसलं तरी ते हसू बराच वेळ त्यांच्या तोंडावर तसंच राहिलं, कुठं ठेवावं ते न सुचल्यासारखं. मी मावशीकडं बघितलं. तिनं फक्त 'असं कसं दाजी' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ती हाताचं पीठ खरवडत होती.

काका वर्गाकडं वळले. 'बघितलंत? साडूसाहेबांच्या मनात आहे हो, आणि तोंडातून आलं नको. गावाकडे चालतं हे. साहेबापुढे असं केलंत तर नोकरी गेली. इंग्रजीत नको म्हणजे नको. हवं असेल तर काय म्हणायचं?'

पोरांनी वह्यांत माना घातल्या.

'काय म्हणायचं?'

'येस, प्लीज,' दोघं-तिघं पुटपुटले.

'ऐकलंत, साडूसाहेब? तेवढं म्हणा. मुलगी राहील.'

शहनाज उभी राहिली. 'सर, वो बुजुर्ग हैं. ऐसा अच्छा नै लगता.'

'खाली बस,' काका म्हणाले.

माझ्या मनात एकच होतं की अण्णांनी आता इथून निघावं. माझी ट्रंक त्यांनी उचलावी आणि आम्ही चालू लागावं. ते स्थळ, ती शेती, सगळं मला त्या क्षणी चाललं असतं. मी पुढं होऊन म्हणाले, 'अण्णा, चला.'

'तू गप,' ते माझ्याकडं न बघता म्हणाले. मग त्यांनी डोक्याचा रुमाल सारखा केला आणि कंडक्टरला गावाचं नाव सांगावं तशा सरळ आवाजात म्हणाले, 'येस, प्लीज.'

'जरा मोठ्याने.'

'येस, प्लीज, सायेब.'

साहेब त्यांना कुणी म्हणायला सांगितलं नव्हतं. तो त्यांनी स्वतःहून लावला, कमी पडायला नको म्हणून. काका म्हणाले, 'व्हेरी गुड,' आणि वर्गातल्या काही जणांनी सवयीनं टाळी वाजवली. त्या टाळीइतका घाणेरडा आवाज मी पुढं आयुष्यात ऐकला नाही. माझ्या हातात त्या वेळी काही असतं तर मी ते काकांच्या डोक्यात घातलं असतं, आणि हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, इतकी वर्षं विचार करून म्हणते.

वर्ग सुटला. पोरं अण्णांच्या बाजूनं अंग चोरून निघून गेली. एक-दोघं त्यांच्या पाया पडले. काकांचा मूड एकदम छान झाला होता. त्यांनी हात धुतले, टेबलाची एक खुर्ची मागं ओढली आणि म्हणाले, 'चला साडूसाहेब, जेवून घेऊ.'

'नको,' अण्णा म्हणाले.

'असं कसं? बाराची वेळ आहे. बसा.'

'नको.'

आता मावशी पुढं आली. मगाशी न सुटलेला शब्द तिला आता सुटला. 'दाजी, उंबऱ्यावरनं उपाशी जाऊ नका. माझ्या थोरल्या बाईला मी काय तोंड दाखवू? दोन घास खा. तुमच्या आवडीचं येसर केलंय.' येसराच्या आमटीचा, भाजलेल्या मसाल्याचा वास खरंच सगळ्या घरात भरला होता.

'कमल, नको,' अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. 'साडूभाऊंनी आत्ता शिकवलं की. मी शिकलो.'

काकांचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. थोरला साडू भर दुपारी दारातून न जेवता गेला, ही गोष्ट आमच्याकडं घराला चिकटते आणि लेकरांच्या लग्नात निघते, हे त्यांना 'इथे-तिथे' शिकूनही नक्की ठाऊक होतं. ते आणखी एकदा 'बसा हो' म्हणाले, या खेपेला 'हो' जरा मऊ होता. अण्णा पायात वहाणा घालत होते. मावशी रडायला लागली. मला तिची कणभर कीव आली नाही.

मी अण्णांना पोचवायला स्टँडवर गेले. ते पुढं आणि मी मागं, गर्दीतून. स्टँडवर बाकड्यावर बसून त्यांनी ते गाठोडं सोडलं. आईनं माझ्यासाठी धपाटे पाठवले होते, वर ठेचा. अण्णांनी एक धपाटं माझ्यापुढं धरलं. सकाळपासून ते उपाशी होते, गावाकडनं पहाटेची गाडी धरून आलेले. मी म्हणाले, 'नको, तुमी खा.'

ते माझ्यावर असे खेकसले की शेजारचा माणूस वळून बघायला लागला. 'आता तू बी? तितं बी अशीच करती का?'

 त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं, गालांकडं बघितलं. दोन पोती ज्वारी त्या घरात गेली होती आणि त्यातलं माझ्या अंगावर काही दिसत नव्हतं, हे त्यांना तिथं बाकड्यावर कळलं असावं. त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं आणि मला ते बघायचं नव्हतं.

'हे बघ माय,' ते म्हणाले, 'लाजू नको. त्या घरात तुझी लाज कुणी धरायचं नाय. लागंल ते माग. मोट्यांदा माग. तो जे म्हणायला लावीन ते म्हण. माझी अब्रू मी आज तितं ठिवून आलोय. तू उपाशी राहिलीस तर ती फुकट गेली. तिच्यावर पोटभर जेव.'

आम्ही धपाटे खाल्ले. त्यांची गाडी लागली, ते चढले, खिडकीतून त्यांनी हातानं जेवणाची खूण केली आणि गाडी गेली. त्यानंतर अण्णा त्या घराची पायरी कधी चढले नाहीत. धान्य घेऊन यायचे ते कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी थांबायचे आणि मला निरोप पाठवायचे. बारावी झाली, पुढं शिकले, शाळेत लागले, मुख्याध्यापिका होऊन घरी बसले. लोक सत्काराच्या वेळी कुणाकुणाचे उपकार विचारतात. काकांच्या घरी राहून ही शिकली, असं नातेवाईक अजून सांगतात, आणि मी ते दर वेळी खोडून काढते.

त्या दिवशी संध्याकाळी टेबलावर आम्ही तिघंच होतो. दुपारचं येसर कुणाच्या घशाखाली उतरलं नव्हतं, तेच पुन्हा गरम करून ठेवलेलं.  पहिली भाकरी संपली तशी मावशीनं टोपली पुढं केली आणि विचारलं, 'इंदू, भाकरी?' आणि नेहमीच्या सवयीनं ती उचलायलाही लागली.

'येस, प्लीज,' मी म्हणाले.

काकांनी मान वर केली. मी त्यांच्या डोळ्यांत बघत दुसरी भाकरी कुस्करली, येसरात कालवली आणि खाल्ली. मग तिसरी मागितली, शब्द लावून. मग चटणी, शब्द लावून. मग येसर, मग पुन्हा येसर. शब्द मी लांबवला नाही, एकापाठोपाठ दोनदा म्हटला नाही, म्हणताना दात दाखवले नाहीत. सगळं त्यांनी शिकवलं तसं. त्यांना मधे बोलायला जागाच नव्हती. मग मी भात मागितला आणि मावशीनं पातेलं माझ्या ताटात रिकामं केलं. काकांनी भातासाठी ताट पुढं सरकवलं तेव्हा तिनं त्यांना पातेल्याचा तळ दाखवला.

'उद्यापासनं भात जास्त टाकत जा, मावशी,' मी म्हणाले, आणि काकांकडं बघून म्हणाले, 'प्लीज.'